कारणाचा रकाना

सियागंजातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मोनाली तायडे नळाच्या भावावरून घासाघीस करत होती. दहा रुपये उतरले होते, अजून पंधरा उतरवायचे होते. तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक उंच माणूस फोनवर चक्क मराठीत म्हणाला, "हो आई, कुलूप घेतलं. चांगलं जाडजूड आहे... घर? नाही, घर अजून मिळालं नाही."

मोनालीला हसू आवरेना. घासाघीस करताना हसलं की भाव उतरत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी ती हसली. दुकानदारही काउंटरवर रेलला आणि म्हणाला, "भिया, ताला तो ले लिया. अब मकान भी यहीं से ले जाओ, पाइप के पीछे रखा है!"

तो माणूस कानापर्यंत लाल झाला. "नव्या गावात आधी चांगलं कुलूप घ्यावं, असं आईचं म्हणणं," तो मोनालीला म्हणाला, जसा काही तिने खुलासा मागितला होता. "मी प्रणव. सांगलीचा. इथे शेव-नमकीनच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलोय."

"शेवेची लॅब? तिथे काय करता?"

"शेव किती कुरकुरीत झाली, ते मशीनवर मोजतो."

"अहो, काय सांगता! इंदूरमध्ये हे काम मशीन करतं? इथे तर प्रत्येक आदमी दातांनीच करतो ना."

आता तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीकशी रेघ उमटत होती. मोनालीने ती पाहिली आणि लगेच नळाकडे पाहिलं.

"नऊ घरं पाहिली," तो म्हणाला. "एकटा आहे म्हटलं की दार बंद. सगळ्यांना फॅमिलीवाले पाहिजेत. मग लग्न होईपर्यंत माणसानं राहायचं कुठे?"

"लॉजवर."

"आणि लॉजवर राहणाऱ्याला मुलगी कोण देणार?"

द्यायला मोनालीकडे मुलगी नव्हती, पण खजरान्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर, महिनाभर रिकामा पडलेला एक फ्लॅट मात्र होता. आणि रिकामं घर म्हणजे काय असतं, ते ज्याने हप्ता भरला आहे त्यालाच कळतं.

घर पाहावं बांधून म्हणतात. मोनालीने बांधलं नव्हतं, पण पाहिलं मात्र पुरेपूर होतं. महूहून पहिल्यांदा इंदूरला विमा कंपनीत नोकरीला आली, तेव्हा ती कमरा शोधत दारोदार फिरली होती. घरमालक आधी गोड बोलत, मग पूर्ण नाव विचारत, मग बाप काय करतो, गाव कुठलं, तुम्ही कोण लोक... आणि शेवटी "अरे, वो कमरा तो कल ही उठ गया." सहा कमरे असे कालच उठून गेले. सातव्या वेळी तिने महूला फोन केला आणि रडतरडत म्हणाली, "बाबा, किरायाने कशाला शोधायचं? आपण विकतच घेऊ."

बाबा म्हणजे निवृत्त सुभेदार रत्नपाल तायडे. त्यांनी निवृत्तीच्या पैशातले काही काढून दिले, तिने बाकीचे जमवले, आणि एक खोली-स्वयंपाकघर तिच्या नावावर झालं. चार वर्षांनी तिने खजरान्याचा मोठा फ्लॅट घेतला. लोकांना वाटलं, आता ही तिथे राहायला जाणार. पण मोनालीने कागदावर आकडे मांडले आणि स्वतः लहान घरातच राहून मोठं भाड्याने दिलं. शहाणपण म्हणतात ते हेच.

पहिला भाडेकरू मात्र तिला चांगलाच भोवला. महूच्या ओळखीतला होता, "घरचाच समजा" म्हणाला, आणि मग इतका घरचा झाला की भाड्याच्या ऐवजी भाचीच्या साखरपुड्याचं आमंत्रण देऊ लागला. तो गेल्यावर मोनालीने दोन नियम केले. एक, भाडेकरूशी घरोबा नाही. दोन, जे असेल ते कागदावर.

कागद बाबांनी करून दिले. फौजेत तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या हातचा अर्ज म्हणजे अर्ज. तक्रारीचा नमुना, पावतीचा नमुना, घर सोडण्याच्या नोटिशीचा नमुना. नोटिशीत नाव, मजला, तारीख आणि सही एवढंच होतं. मोनालीने विचारलं होतं, "कारणाचा रकाना नको का, बाबा?"

"नको," बाबा म्हणाले होते. "आपल्याला लोकांनी फार कारणं पूछली. आपण कोणालाच नाही पूछायचं. माणूस आला, राहिला, गेला. इज्जतीत."

म्हणून मोनालीने प्रणवलाही काही विचारलं नाही. ओळखपत्र पाहिलं, पोलीस थाण्यात द्यायचा फॉर्म भरून घेतला, अकरा महिन्यांचा करार केला आणि म्हणाली, "तक्रार असेल तर लेखी. तोंडी मी ऐकत नाही."

पहिली तक्रार आठवड्यातच आली. व्हॉट्सॲपवर फोटो काढून, बाबांच्या नमुन्यावर, सुवाच्य अक्षरात.

"सेवेत, घरमालकीण. विषय: न्हाणीघरातील नळ गळत असल्याबाबत. महोदया, सदर नळ रात्रभर टपटप करतो. उपाय व्हावा."

मोनाली सियागंजातला तो नळ घेऊन गेली. नळ बसला. निघताना त्याने तिच्या हातात शेवेची पुडी ठेवली. "लॅबमध्ये नापास झालेली आहे. कुरकुरीतपणा दोन अंकांनी कमी."

तिने रस्त्यातच चाखली. लवंगेचा तिखटपणा नाकात शिरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि नापास शेव इतकी चांगली असेल तर पास झालेली कशी असेल, या विचारात ती चौकातून वळायचीच विसरली.

उन्हाळ्यापर्यंत अर्जांचा रंग बदलला होता. "विषय: पंखा आवाज करत असल्याबाबत. महोदया, आवाज लिहून कळवता येत नाही. प्रत्यक्ष येऊन ऐकावा." मग, "विषय: गॅलरीत ठेवलेल्या मोगऱ्याला फूल आल्याबाबत. महोदया, ही तक्रार नाही. तरी पाहणी व्हावी." आणि पाहणी होत असे. मोनाली पंख्याचं बघायला म्हणून जायची, आणि पंखा बंद असताना तासभर गॅलरीत बसून यायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसलाच प्रकार. फरक एवढाच की इथे दोघंही भांडं लपवत होती.

श्रावणात ती तिसरं घर बघायला निघाली. लहानच, पण भाड्याने द्यायला बरं. सहज बोलता बोलता प्रणवच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "मी येऊ? लॅबमध्ये तेलाचे वास घेऊन तयार झालेलं माझं नाक कामाला येईल."

ते खरंच आलं. दलाल "एकदम मक्खन मकान है" म्हणत भिंतीवर हात फिरवत होता, आणि प्रणव कोपऱ्यात जाऊन शांतपणे वास घेत उभा होता. मग तो मोनालीच्या कानाशी वाकला. "ओल आहे. रंग दोन दिवसांचा आहे, ओल दोन वर्षांची."

दलालाने खूप आढेवेढे घेतले, पण खिळ्याने खरवडल्यावर भिंतीचा पोपडा हातात आला. मोनालीचे काही लाख वाचले. दोघं खाली आली तर पाऊस जोरात. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली, एकाच छत्रीत, खांद्याला खांदा लावून ती उभी राहिली.

"या नाकाचा किराया किती?" मोनालीने विचारलं.

"एक कप चहा. अनामत रक्कम वेगळी."

"ती किती?"

"तुमचा... एक रविवार."

पत्र्यावरून ओघळलेला एक थेंब तिच्या गालावर पडला. तो पुसायला त्याचा हात उठला आणि मध्येच थांबला. तिला फार आवडलं ते थांबणं, आणि तितकीच भीतीही वाटली. पहिल्या भाडेकरूने तोंड पोळलेलं, ती घाईघाईने म्हणाली, "बघा प्रणवजी, किरायेदाराशी घरोबा नाही, माझा रूलच आहे."

तो छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाला, "आणि किरायेदार नसता तर?"

"तर त्याला मी चहा तरी कशाला पाजते?" ती हसून म्हणाली. उगाच. काहीतरी बोलायचं म्हणून.

दसऱ्याच्या आसपास तिने तिसरं घर घेतलंच. खजरान्याच्याच इमारतीत, तळमजल्यावर, कोरड्या भिंतींचं. दोन नर्सबाई तिथे राहायला आल्या. मोनाली आता दोन घरांची भाडी घेणारी बाई झाली होती, आणि महूला बाबा शेजाऱ्यांना "माझ्या मुलीची प्रॉपर्टी" असं म्हणू लागले होते. सगळं कसं छान चाललं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ती गिझर बघायला वर गेली, तेव्हा प्रणवने तिच्या हातात कागद दिला. नवा अर्ज, म्हणून ती आधीच हसू लागली. मग तिने वाचलं. घर सोडण्याची नोटीस होती. नाव, मजला, तारीख, सही. तीस नोव्हेंबर.

तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. प्रणव समोर उभा होता, हात मागे बांधून, तिच्या चेहऱ्याकडे बघत.

"काही विचारायचं आहे का?" त्याने हळूच विचारलं.

का? कुठे? सांगलीला? आईने मुलगी बघितली? सगळे प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आले. पण तिला ते जुने घरमालक आठवले, त्यांचे खोदून खोदून विचारणारे डोळे आठवले. तिने पर्समधून पेन काढलं, "मिळाली" असं लिहून सही केली.

"नाही. फॉर्म पूर्ण आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तिला वाटलं, उन्हामुळे तसा दिसतोय.

नंतरचा महिना वाईट गेला. ऑफिसात एका क्लेमवर तिने दोनदा तीच सही केली. शेवेची पुडी डब्यात तशीच राहिली, मऊ पडली. रात्री ती स्वतःलाच रागावे. तीन घरांची मालकीण, आणि एक माणूस चाललाय तर घर रिकामं होणार याचं काहीच वाटत नाही, माणूस जाणार याचंच वाटतंय. पण विचारायचं नाही म्हणजे नाही. बाबांचा शब्द होता तो, आणि तिच्या अपमानांचाही.

तरी धंदा थांबत नाही. तिने जाहिरात दिली आणि श्रेया आणि मानस नावाचं नवं जोडपं घर बघायला आलं. मोनाली दाराशीच उभी राहिली. घर दाखवलं प्रणवने.

"सव्वासातला ऊन ओट्यावर येतं, चहा तिथेच प्या," तो सांगत होता. "बुधवारी देवळाची गर्दी असते, गाडी मागच्या गल्लीतून आणा. पंखा आवाज करतो, पण दुरुस्त करू नका... तो आवाज नसला की घर सुनं वाटतं. आणि मालकीण..."

"हां, मालकीण कैसी हैं?" श्रेयाने डोळे मोठे करून विचारलं.

"लेखी तक्रार करा," प्रणव म्हणाला. "येतात. नेहमी येतात."

मोनाली वळली आणि जिन्यातल्या मीटरचे आकडे वाचू लागली. आकडे नीट दिसत नव्हते. जोडप्याला घर फार आवडलं; मोनाली म्हणाली, "रविवारी कळवते."

रविवारी सकाळी ती घरी एकटीच होती. जोडप्याला फोन लावणार, इतक्यात अनोळखी नंबर वाजला.

"मोनालीजी बोलून राहिल्या का? मी शरद बोलतो, खजरान्याचा. तुमच्या बिल्डिंगच्या मागच्याच गल्लीत माझा मकान आहे. तुमचे एक किरायेदार आहेत ना, प्रणवजी, ते माझा वरचा कमरा घेऊन राहिले. तर म्हटलं, पुराने मकानमालकाला एकदा पूछून घ्यावं."

मोनाली उभी होती ती खाली बसली. "मागच्या गल्लीत? ते... ते इंदूर सोडून चाललेत ना?"

"छे, छे! अकरा महिन्यांचा ॲग्रीमेंट करतायत. मला तर हेच ताज्जुब वाटलं. माझा कमरा तुमच्या फ्लॅटच्या आधा, किराया थोडा जास्तच, गॅलरी नाही. चांगला मकान सोडून आदमी दोनशे कदमावर का येतो? आदमी में कुछ गड़बड़ तो नी?"

मोनालीचा जीव भांड्यात पडला. सांगली नाही. मुलगी नाही. दोनशे पावलं! ती फोन कानाला धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. आणि मग, खरं सांगायचं तर, तिच्यातली घरमालकीण खवळली. माझा फ्लॅट सोडून, जास्त किराया देऊन, बिनगॅलरीच्या कमऱ्यात? काय कमी होतं माझ्या घरात?

"शरदजी," ती म्हणाली, "मला एक घंटा द्या. मी चौकशी करून सांगते."

स्कूटर कशी चालवली ते तिचं तिला ठाऊक नाही. तिन्ही मजले ती न थांबता चढली. प्रणवने दार उघडलं. मागे पुठ्ठ्याची खोकी अर्धवट भरलेली होती, मोगऱ्याच्या कुंडीला वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं.

"कारण?" मोनाली धापा टाकत म्हणाली.

"काय?"

"घर का सोडताय? मी पूछून राहिले. मी आजपर्यंत कोणालाच नाही पूछलं, पण तुम्हाला पूछते. शरदजींचा कमरा माझ्याहून चांगला आहे का?"

प्रणव तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या गालावरची ती रेघ हळूहळू उमटली. "त्या कमऱ्यात एकच गोष्ट चांगली आहे," तो म्हणाला. "तो तुमचा नाही."

मोनालीने कपाळावरचा घाम पुसला.

"तुमचा किरायेदार राहून मी विचारलं असतं," तो थांबत थांबत म्हणाला, "आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं... तर काय केलं असतं तुम्ही? दर महिन्याला भाडं घ्यायचं ते त्याच माणसाकडून. त्याला निघ म्हणणं वाईट, राहू देणं अवघड. म्हणून म्हटलं, आधी घर सोडावं, मग विचारावं. नाही म्हणायला तुम्हाला मोकळं वाटायला हवं. इंदूर सोडायचं तर माझ्या मनातही नव्हतं. नोटीस दिली तेव्हा वाटलं, तुम्ही विचाराल. तुम्ही सही केली आणि नळ बघायला गेलात."

"गिझर," मोनाली म्हणाली.

"गिझर."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर मागच्या गल्लीत राहून शेव मोजत बसलो असतो."

ती हसली, पण लगेच सावध झाली. इतकी वर्षं जे ऐकलं होतं ते एका पावसाने थोडंच धुऊन जातं. "घरी सांगितलंय? आईला?"

"सांगितलं. आईने विचारलं, कोण लोक आहेत? मी म्हटलं, असं कधीच न विचारणारे." तो जरा गंभीर झाला. "ती गप्प झाली, मोनालीजी. खोटं नाही सांगत. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी केला आणि विचारलं, तिला तिखट चालतं का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, लवंगेची शेव रस्त्यात उभ्याउभ्या संपवते. रडते, पण संपवते."

मोनालीला आता रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं आणि तिला अगदी हलकं, मोकळं वाटत होतं. तिने त्याचा हात धरला. पत्र्याखाली जो अर्ध्यावर थांबला होता, तोच हात. या वेळी तो थांबला नाही. तिच्या गालावर आला, ओले डोळे पुसून तिथेच राहिला.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. तोंडी. "खूप. पंखा तर कधीच आवाज करत नव्हता, मला ठाऊक होतं. तरी यायची मी."

"करत होता! थोडा करत होता."

"झूठ."

"मोनाली," तो पहिल्यांदाच नुसतं नाव घेऊन म्हणाला, "मग आता मी काय करू? खोकी उघडू की बांधू?"

मोनालीने घरभर नजर फिरवली. ती प्रेमात पडली होती, वेडी झाली नव्हती. "बांध," ती म्हणाली. "तू बरोबर केलंस. किरायेदार म्हणून आता एक दिवस जास्त नको. बाबांसमोर तुला घेऊन जायचं तर शरदजींचा किरायेदार म्हणून नेईन, माझा म्हणून नाही. आणि श्रेया आणि मानसला मी हो सांगते. त्यांना हे घर लागेल."

"आणि आपल्याला?"

"आपल्याला अजून एक घ्यावं लागेल," मोनाली म्हणाली. "गॅलरीवालं. ओल बघायला नाक आहेच."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घंटा व्हायचा होता, पण शरदजींना धीर कुठला? प्रणव खोक्यावर बसून तिच्याकडे बघत होता, आणि ती गॅलरीच्या दारात, नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हात, फोन कानाला लावून उभी होती.

"काय मोनालीजी, केली चौकशी?"

"केली शरदजी. आदमी एकदम चोख आहे. किराया वेळेवर, घर साफ, भांडण नाही. बेधडक द्या."

"वा, वा. बस, एकच बात. ते एकटेच राहतील ना? कमरा लहान आहे माझा. मागून फॅमिली तर नाही येणार?"

मोनालीने प्रणवकडे पाहिलं. शरदजींचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता; तो कानापर्यंत लाल झाला होता.

"अकरा महिने एकटेच राहतील, शरदजी," ती म्हणाली. "त्याच्यापुढे तुम्ही ॲग्रीमेंट वाढवू नका. त्यांची फॅमिली त्यांना घेऊन जाईल."